छाटणी सांगताना छडीचे वयही सांगावे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या बागेत लावता येतील अशा वेगळ्या बेरींवर पानभर लेख आला, त्याबद्दल आधी आभार मानते. स्ट्रॉबेरीच्या पुढे कोणी सहसा जात नाही. या लेखाने लोगनबेरी, टेबेरी, बॉयझनबेरी, वाइनबेरी आणि काळी रास्पबेरी अशी पाच झाडे एकदम वाचकांसमोर आणली. मी ही झाडे बरीच वर्षे कुंपणाच्या कडेने वाढवते आहे, त्यामुळे नुसती छायाचित्रे पाहूनच हरखून गेले. पण लेखाच्या शेवटी चौकटीत छाटणीबद्दल एक ओळ आहे. फळे संपल्यावर हिवाळ्यात सगळ्या छड्या जमिनीलगत कापाव्यात, असे ती ओळ सांगते. हे पत्र त्या ओळीसाठी आहे. वरच्या पाचही झाडांना हा सल्ला लावला, तर पुढच्या हंगामात त्यांना एकही फळ धरणार नाही. दर वर्षी पाळला तर कधीच धरणार नाही. झाड मात्र हिरवेगार आणि जोमदार दिसत राहील, आणि लावणाऱ्याला बिचाऱ्याला बिनसले कुठे ते कळणारही नाही.

ही पाचही झाडे रास्पबेरी-ब्लॅकबेरीच्या रुबस या प्रजातीतली. या प्रजातीतल्या बहुतेक झुडपांचे मूळ वर्षानुवर्षे जगते, पण जमिनीवर आलेली छडी दोनच वर्षांची असते. पहिल्या वर्षी ती फक्त वाढते. उंच होते, पाने धरते, आणि थंडी पडली की पाने गाळून विसावते. दुसऱ्या वर्षी तिच्या डोळ्यांतून आखूड फांद्या फुटतात, त्यांच्या टोकांना फुले येतात, फळे पिकतात. मग ती छडी आपोआप वाळते. त्याच वेळी बुंध्यातून नव्या छड्या वर येत असतात, त्यांची पाळी पुढच्या वर्षी. म्हणजे हंगामाच्या ऐन भरात एकाच बुंध्यावर दोन पिढ्या शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यांतली एक फळे देऊन जाणार असते आणि दुसरी अजून काही द्यायची असते. हिवाळ्यात दोन्ही कापल्या की दुसरीचे सगळे वर्ष फुकट गेले.

मग कापायचे काय? फळे देऊन झालेली छडी, आणि तीही हिवाळ्याची वाट न पाहता, शेवटचे फळ तोडल्यावर लगेच. ती तशीच ठेवली तर तिच्यावरचे बुरशीचे रोग कोवळ्या छड्यांवर उतरतात, शिवाय ऊन आणि वारा अडतो. नव्या छड्यांतल्या किडक्या आणि अगदी बारीक तेवढ्या काढाव्यात, बाकीच्या नीट बांधून घ्याव्यात.

लेखातला सल्ला समूळ चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तांबड्या रास्पबेरीच्या काही जाती अशा आहेत की त्यांच्या पहिल्याच वर्षीच्या छडीला पावसाळा सरता सरता शेंड्याकडे फळे लागतात. त्या जाती हिवाळ्यात सरसकट जमिनीलगत कापल्या तरी चालते. उलट घरच्या बागेला ती मोठी सोय आहे. अशा ब्लॅकबेरीही आता आहेत. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठाने ‘प्राइम-जिम’ आणि ‘प्राइम-जॅन’ या पहिल्या दोन जाती २००४ मध्ये दिल्या. लेखकाचा अनुभव बहुधा अशाच एखाद्या झाडाचा असावा. पण एका झाडाचा नियम सगळ्या भावंडांना लावला की अनर्थ होतो, आणि वर्तमानपत्रात छापलेली ओळ लोक कात्री हातात घेऊन वाचतात.

माझ्याकडे यावर एक साधी युक्ती आहे. जुन्या सुती कापडाच्या पांढऱ्या आणि निळ्या पट्ट्या मी करून ठेवते. या वर्षी नव्याने आलेल्या सगळ्या छड्यांना पांढरी पट्टी, पुढच्या वर्षीच्या नव्यांना निळी, त्यानंतर पुन्हा पांढरी. छाटणीच्या वेळी डोके चालवावे लागत नाही. ज्या रंगावर फळ आले तो रंग निघाला. तारेवर बांधतानाही या वर्षीच्या छड्या खुंटाच्या डावीकडे आणि गेल्या वर्षीच्या उजवीकडे अशी विभागणी ठेवली, तर काट्यांत हात घालून उलगडा करत बसावे लागत नाही. पट्टी नसली तरी बारकाईने पाहिल्यास फरक कळतो. नवी छडी लवचिक आणि ताज्या रंगाची असते, जुनीची साल करडी-तपकिरी होऊन भेगाळते आणि तिच्यावर वाळलेले फळांचे देठ असतात. पण पाने गळाल्यावर, थंडीत अंग आखडून काम करताना, पट्टीइतका भरवसा कशाचाच वाटत नाही.

हे सगळे ठाऊक नसल्यामुळे किती झाडे उपटली गेली असतील याचे मला फार वाईट वाटते. ओळखीतल्या एका बाईंनी टेबेरी काढून टाकली, कारण ‘नर निघाली, फळच धरत नाही.’ रुबसच्या घरात नर आणि मादी झाडे वेगळी असणारी क्लाउडबेरी आहे. ती उत्तरेकडच्या थंड दलदलीत वाढते आणि तिला छड्या अशा नसतातच. टेबेरी, लोगनबेरी, काळी रास्पबेरी यांच्या एकेका फुलात दोन्ही अंगे असतात, आणि एकटे झाडही फळते. त्या बाई दर थंडीत मन लावून सगळे कापत होत्या, एवढेच.

आता झाडांविषयी थोडे, कारण लेखात त्यांची नुसती नावे आली आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे.

काळी रास्पबेरी ही मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. तिच्या छडीवर निळसर पांढरी पूड असते, बोट फिरवले की पुसली जाते. ती तांबड्या रास्पबेरीसारखी मुळांतून लांबवर मुनवे काढत नाही, एका जागी बुंधा धरून राहते. लहान बागेला हा मोठाच गुण. तिचा शेंडा मात्र उन्हाळ्यातच खुडावा लागतो. छडी कमरेच्या आसपास, साधारण ७५ ते ९० सेंमी झाली की टोकाची दोन-चार बोटे खुडायची. त्याने बाजूच्या फांद्या फुटतात आणि पुढच्या वर्षीचे फळ त्याच फांद्यांवर येते. हिवाळा सरताना त्या वीतभर-दीड वीत ठेवून आखूड कराव्यात. तांबड्या रास्पबेरीचा शेंडा उन्हाळ्यात असा खुडायचा नसतो. काळीला मररोगाची फार भीती. मातीतली व्हर्टिसिलियम नावाची बुरशी तिला लवकर धरते, आणि हीच बुरशी टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची यांच्यावरही पोसते. गेल्या तीन-चार वर्षांत जिथे ही पिके होती तो वाफा काळीला देऊ नये. तांबडीच्या अगदी शेजारीही लावू नये, कारण मावा तांबडीतले विषाणू उचलून हिच्यात सोडतो आणि तांबडी जे सोसते ते हिला सोसत नाही.

लोगनबेरी, टेबेरी आणि बॉयझनबेरी यांना स्वतःच्या बळावर उभे राहता येत नाही. छड्या दोन-तीन मीटर आणि कधी त्याहूनही लांब जातात, जमिनीवर लोळतात. त्यांना खांब आणि आडव्या तारा हव्यातच, आणि दोन झाडांत अडीच ते तीन मीटर अंतर. सुरुवातीला रोप वीतभर असते म्हणून लोक जवळ जवळ लावतात. दुसऱ्या वर्षी मधून जायला वाट राहत नाही.

लोगनबेरीची गोष्ट मला मुद्दाम सांगाविशी वाटते. ती कुठल्या प्रयोगशाळेतून आलेली नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ इथे जेम्स हार्वे लोगन नावाचे न्यायाधीश होते. घरामागच्या बागेत त्यांना चांगली ब्लॅकबेरी तयार करायची होती. शेजारीच एक जुनी तांबडी रास्पबेरी होती आणि मधमाश्यांनी आपले काम केले. १८८१ मध्ये त्यांनी ब्लॅकबेरीचे बी पेरले, त्यातल्या एका रोपाला जे फळ आले ते दोघांचे मिळून होते. पुढे बॉयझनबेरीच्या वंशात लोगनबेरीचा धागा आला. बॉयझनबेरीही जवळजवळ नाहीशी झाली होती. रुडॉल्फ बॉयझन यांनी १९२० च्या दशकात तिच्यावर काम केले आणि सोडून दिले. तणात गुदमरलेल्या, मरायला टेकलेल्या मोजक्या वेली शोधून वॉल्टर नॉट यांनी आपल्या शेतात आणून जगवल्या आणि १९३२ पासून फळे विकायला काढली. टेबेरी त्या मानाने अलीकडची. स्कॉटलंडमधल्या संशोधन केंद्रात डेरेक जेनिंग्ज यांनी ब्लॅकबेरी आणि रास्पबेरीच्या संकरातून ती घडवली, १९७९ मध्ये ती बागायतदारांना मिळाली, आणि तिला तिथल्या टे नदीचे नाव दिले.

ही फळे बाजारात का दिसत नाहीत, असा प्रश्न लेखात विचारून तसाच सोडला आहे. याचे उत्तर फळाच्या सालीत आहे. एक फळ म्हणजे अनेक इवल्या रसरशीत मण्यांचा झुबका, आणि प्रत्येक मण्याची साल कागदाहून पातळ. बॉयझनबेरी पूर्ण पिकली की बोट लागताच रस सोडते. पेटीत भरून गावोगाव पाठवावी अशी ती नाहीच. शिवाय तोडल्यावर ती पुढे गोड होत नाही. विक्रीसाठी टिकावी म्हणून आधी तोडली, तर आंबट ती आंबटच राहते. लोगनबेरी लाल दिसली म्हणजे पिकली असे समजून तोडणाऱ्यांनी तिला आंबट म्हणून बदनाम केले आहे. तिचा लाल रंग गडद होऊन किंचित जांभळट, निस्तेज होऊ द्या, मग चाखा. ब्लॅकबेरीचेही तसेच, चकचकीत काळी ती अजून कच्ची. चमक गेली की पिकली. रास्पबेरी मात्र आपणच खूण देते. हलकेच ओढली की आतला पांढरा गाभा देठावर ठेवून पोकळ टोपीसारखी हातात येते. लोगनबेरी आणि टेबेरी तो गाभा ब्लॅकबेरीसारखा बरोबर घेऊन येतात. पिकलेली बॉयझनबेरी तिच्या खऱ्या चवीने खायची असेल तर ती झाडाखाली उभे राहूनच खावी लागते. म्हणून घरची बाग हीच तिची जागा आहे असे मी ठामपणे म्हणते.

फळ वेडेवाकडे, ठिसूळ, मणी गळून पडणारे येत असेल तर खत ओतण्याआधी फुलांकडे पाहावे. झुबक्यातला एकेक मणी वेगळ्या परागणातून होतो. मधमाश्या कमी आल्या की जितक्या बीजांना पराग मिळाला तितकेच मणी भरतात, बाकीची जागा रिकामी. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारणे म्हणजे स्वतःच्या हाताने पीक कमी करणे. हाच ठिसूळपणा दर वर्षी आणि सगळ्या फळांना दिसला तर मात्र विषाणूची शंका घ्यावी, आणि त्यावर इलाज नाही, झाड काढावे लागते.

वाइनबेरीवर माझा विशेष जीव आहे. ही जपान, कोरिया आणि चीनकडची. तिची छडी, देठ, कळ्यांचे कोष सगळे तांबूस, चिकट केसांनी भरलेले असतात, आणि हिवाळ्यात पाने गेल्यावर तिरप्या उन्हात ही छडी जी दिसते तिला तोड नाही. फळ वाढत असताना पाकळ्यांखालचा तो केसाळ कोष त्याच्याभोवती मिटून घेतो आणि पिकायच्या सुमारास उघडतो. आत नारिंगी मणी, दोन-तीन दिवसांत लालभडक. चव रास्पबेरीहून सौम्य, थोडी आंबूस. ती तोडताना बोटे चिकट होतात, पण काटे मऊ असल्याने मुलांना हेच झाड सर्वांत आवडते. आणि इथेच लेखात न आलेली दुसरी गोष्ट सांगायला हवी. हीच वाइनबेरी १८९० च्या सुमारास संकरासाठी अमेरिकेत नेली गेली आणि आज तिथल्या पूर्वेकडच्या जंगलांत उपद्रवी झाड म्हणून गणली जाते. पक्षी फळे खातात, बी दूर टाकतात. वाकलेल्या छडीचे टोक मातीला टेकले की तिथेही मूळ धरते.

हे एकट्या वाइनबेरीचे नाही. हिमालयात घरच्यासारखी वाढणारी पिवळी रास्पबेरी, रुबस एलिप्टिकस, हवाईच्या जंगलात शिरली आणि जगातल्या शंभर सर्वांत घातक परक्या प्रजातींच्या यादीत तिचे नाव आले. मैसूर रास्पबेरी, म्हणजे रुबस निवियस, सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशांत फळते म्हणून लोकांना हवीशी वाटते. तिने गॅलापागोस बेटांवर मूळच्या वनस्पतींची जागा बळकावली. ल्यूथर बरबँक यांनी १८८५ मध्ये अमेरिकेत आणलेली जोरकस ब्लॅकबेरी आज तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर नदीकाठ आणि मोकळी राने व्यापून बसली आहे. कोणतेही झाड त्याच्या मूळ प्रदेशात गुन्हेगार नसते. पण आपल्या भागात ते मूळचे आहे की परके, आणि परके असेल तर तिथे ते लावायला परवानगी आहे का, हे रोप आणण्याआधी विचारायलाच हवे. वाइनबेरीची फळे मी झाडावर शिल्लक ठेवत नाही आणि एकही टोक जमिनीला लागू देत नाही. एवढे करायची तयारी नसेल त्याने काळी रास्पबेरी लावावी.

टोकाला मूळ धरण्याचा हा गुण रोपे करायला मात्र फार उपयोगी पडतो. उन्हाळा संपताना काळ्या रास्पबेरीच्या किंवा लोगनबेरीच्या या वर्षीच्या छडीचे टोक बारीक होऊन पाने लहान झाली की ते चार बोटे खोल मातीत दाबावे, वर दगड ठेवावा. पुढच्या वसंतात मुळे भरलेली असतात, मग छडी कापून रोप वेगळे करायचे. दाब कलमाचा इतका सोपा प्रकार दुसऱ्या झाडात मी पाहिला नाही. मात्र रोगट झाडाचे कलम कोणालाही देऊ नये. विषाणू कलमाबरोबर जातो.

बिनकाट्यांच्या जातींबद्दलही लेखात एक वाक्य आहे, ‘काट्यांचा त्रास नको असेल तर काटेविरहित जात लावा.’ त्याला एक पुस्ती जोडते. काही बिनकाट्यांच्या जातींत, उदाहरणार्थ जुन्या काटेविरहित लोगनबेरीत, हा बदल फक्त सालीच्या बाहेरच्या थरात झालेला असतो. आतला गाभा काटेरीच राहतो. मुळाजवळ खुरपी किंवा कुदळ लागली आणि दुखावलेल्या मुळातून नवा फुटवा आला, तर तो आतल्या पेशींतून येतो आणि काट्यांनी भरलेला असतो. लोकांना वाटते रोपवाटिकेने फसवले. त्या झाडाभोवती खोल खणू नये, तण हाताने उपटावे, पालापाचोळ्याचे जाड आच्छादन करावे आणि काटेरी फुटवा दिसताच मुळापासून ओढून काढावा. शेंड्याच्या दाब कलमाने केलेली रोपे बिनकाट्यांचीच राहतात, मुळांच्या तुकड्यांपासून केलेली राहत नाहीत.

जमिनीबद्दल जास्त लिहीत नाही. निचरा हवा, सामू साडेपाच ते साडेसहा, भरपूर ऊन. पाणी साचणाऱ्या जागी ही झाडे मूळकुजीने जातात, तिथे उंच गादीवाफा करावा. आणि हिवाळ्याची थंडी मोजून मगच जात निवडावी, कारण बहुतेकांना डोळे फुटण्याआधी ७ अंश सेल्सियसखालचे काही शे तास लागतात आणि तांबड्या रास्पबेरीच्या पुष्कळ जातींना त्याहून बरेच जास्त.

संपादक महोदय, माझी विनंती अशी की छाटणीचा हंगाम सुरू होण्याआधी त्या चौकटीची दुरुस्ती पुरवणीत ठळक जागी द्यावी. यापुढे अशा कोणत्याही फळझुडपावर लेख आला, तर फळ पहिल्या वर्षीच्या छडीवर येते की दुसऱ्या, आणि झाड बागेबाहेर पसरण्याचा धोका आहे का, या दोन गोष्टी लेखकाकडून विचारून घ्याव्यात.

आणि ज्या वाचकांनी लेख वाचून सगळ्या छड्या आधीच कापल्या असतील, त्यांनी झाड उपटू नये. मूळ जिवंत आहे. येत्या वसंतात बुंध्यातून नव्या छड्या येतील, त्यांतल्या पाच-सहा जाड, निरोगी ठेवा, तारेवर बांधा, प्रत्येकीला कापडाची पट्टी लावा. या वर्षी फळ मिळणार नाही. पुढच्या हिवाळ्यात त्या छड्यांना हात लावू नका, त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांना फुले येतील.

आपली नम्र,
एक नियमित वाचक